लाच बंद होते की नुसती टेबल बदलते?

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. जमीन ठाणे जिल्ह्यातलीच, पण ऐरोलीहून जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, भावंडांची आधार कार्डं असं सगळं घेऊन गेले, तर साहेब मीटिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले, पण अर्जात त्रुटी निघाली. आईचं नाव एका कागदावर सुमन आणि दुसऱ्यावर सुमनबाई. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं लिहून घेऊन तिसऱ्यांदा गेले, तर नवी त्रुटी. ती पहिल्या दिवसापासून कागदांत होतीच, फक्त तोवर कुणाला दिसली नव्हती. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. मशीनवरून मान वर न करता दुकानदार म्हणाला, "ताई, अजून चार हेलपाटे घालणार की तीन हजार देणार?"

दिले. हरकतीसाठीच्या नोटिशीचे 15 दिवस सरले आणि नोंद मंजूर झाली. त्रुटी जागच्या जागी होती. कार्यालयातल्या एकाही माणसाने माझ्याकडे रुपया मागितला नव्हता. त्या तीन हजारांतले किती आत गेले आणि किती दुकानदाराच्या गल्ल्यात राहिले, मला आजही माहीत नाही.

लाचेचा विषय निघाला की आपण लगेच माणसांच्या दानतीवर घसरतो. हा खाऊ, तो सज्जन. पण ज्यांनी जगभर या प्रश्नावर धोरणं आखली आणि तपासली, ते माणसापेक्षा खिडकीकडे जास्त बघतात. रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकन अभ्यासकाने 1980च्या दशकात एक साधं समीकरण मांडलं, ते अजून वापरात आहे. मक्तेदारी अधिक मनमर्जी, वजा जाब. उरेल तो भ्रष्टाचार. माझी वारस नोंद एकाच टेबलावर होऊ शकत होती, ही मक्तेदारी. त्रुटी कुठली काढायची आणि कधी काढायची हे त्या टेबलाच्या हातात, ही मनमर्जी. तीनदा परत पाठवलं म्हणून त्याला कुणी विचारणार नव्हतं, म्हणजे जाब शून्य. त्या खुर्चीत उद्या देवमाणूस बसवला तरी समीकरण तेच राहतं. तो बदलून गेला की झेरॉक्सवाल्याचा भाव पुन्हा सुरू.

म्हणून कुठलाही उपाय ऐकला की मी एक प्रश्न विचारते: यानंतर लाच सरकून कुठे जाईल?

सगळ्यांच्या तोंडी पहिला उपाय असतो तो पकडण्याचा. आपल्याकडे हे काम लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं. 1064 वर फोन करता येतो, आणि ठाण्यात त्यांचं परिक्षेत्र कार्यालय आहे. सापळा कसा लागतो ते बातमीत दोन ओळींत संपतं, प्रत्यक्षात ते भलतंच किचकट काम आहे. आधी तक्रारीची पडताळणी होते. पंचांना सोबत घेऊन, रेकॉर्डर लावून, समोरचा खरोखरच पैसे मागतोय का ते बघतात. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, आणि दिल्यावर ठरलेली खूण करायची. डोक्यावरून हात फिरवणं वगैरे. धाड पडली की घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, आणि पाणी गुलाबी होतं.

गुलाबी पाण्यावर मात्र शिक्षा होत नाही. पैसे मागितले होते हे कोर्टात सिद्ध व्हावं लागतं. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर तक्रारदार कधी दमतो, कधी उलटतो, कधी मरतो. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येईल. पण मागणी सिद्ध व्हायलाच हवी, हेही त्याच निकालात आहे. आता माझ्या बाबतीत सापळा लावायचा तर कुणावर? मागणारा झेरॉक्सवाला. तो सरकारी नोकरच नाही. तो मध्यस्थ आणि टेबलावरचा साहेब यांच्यातला धागा सिद्ध करणं जमलं तरच साहेबापर्यंत पोचता येतं.

सापळ्याची दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. लाचेच्या दोन जाती असतात. एकीत देणारा पिडलेला असतो. हक्काचं काम अडवून पैसे काढलेले असतात. तो निदान तक्रार तरी करू शकतो. दुसरीत देणारा आणि घेणारा दोघंही खूश असतात. बेकायदा मजला चढतो, वाढीव बिल पास होतं, नुकसान तिसऱ्याचंच होतं आणि त्या तिसऱ्याला पत्ताही नसतो. इथे तक्रार कोण करणार? 2011 साली कौशिक बसू केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. त्यांनी सुचवलं होतं की पहिल्या जातीत लाच देणं गुन्हाच धरू नये. म्हणजे देणारा नंतर बिनधास्त तक्रार करेल, आणि त्या धाकाने घेणारा घेणारच नाही. त्यावर बरीच टीका झाली. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला तो जवळपास उलट्या दिशेने. लाच देणं हा सरळ गुन्हा झाला, आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवलं तरच सुटका. मी कळवलं नव्हतं. त्याच दुरुस्तीत 17अ हे कलम आलं. अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी हवी. लाच घेताना जागेवर पकडलं तर मात्र परवानगीची गरज नाही. नीट वाचलं की लक्षात येतं, पाचशेची नोट खिशात घालणारा कारकून उघड्यावर आहे, आणि निर्णयावर सही करणाऱ्याच्या डोक्यावर छत्री आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्भयपणे सही करता यावी म्हणून ती छत्री आहे, असं सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही.

पकडण्याचा उपाय खऱ्या अर्थाने लागू पडला तो हाँगकाँगमध्ये. 1960-70च्या दशकांतलं हाँगकाँग म्हणजे आजचं चकचकीत शहर नव्हे. तिथे रुग्णवाहिकेवाला पेशंट उचलायच्या आधी पैसे मागायचा. त्या पैशाला त्यांचा शब्द होता 'चहाचे पैसे'. आपलं चहापाणीच. 1973 मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा ब्रिटिश पोलिस अधिकारी लाखो डॉलरांची माया करून, चौकशी चालू असताना, हाँगकाँग सोडून पळाला. लोक रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला उत्तर देणारा भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. त्याची तीन अंगं होती, आणि यश त्यातच आहे. एक शाखा पकडणारी, एक खात्यांत बसून नियमांतली भोकं बुजवणारी, आणि एक शाळा-वस्त्यांमधून लोकांशी बोलणारी. आपण बातम्यांत फक्त पहिलीची नक्कल बघतो. आणि तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. 1977 मध्ये चिडलेले पोलिस आयोगाच्या कार्यालयात घुसले, मारहाण झाली, आणि गव्हर्नरला झुकावं लागलं. जानेवारी 1977 च्या आधीच्या बहुतेक प्रकरणांवर पाणी सोडलं गेलं. जुनं माफ, नवं मात्र नाही. न्यायाच्या दृष्टीने हे खटकतं. पण सगळं खातं एका बाजूला गेलं तर पकडायचं कुणाकडून, हा व्यवहाराचा प्रश्न होता.

आयोग उभारणं एक, टिकवणं दुसरं. इंडोनेशियाने 2002 च्या कायद्याने असाच तगडा आयोग केला. त्याने मंत्री, खासदार, न्यायाधीश असे भले भले आत टाकले. 2019 मध्ये संसदेने कायदा बदलून त्याचे दात काढले. विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर उतरले तरी बदल मागे घेतला गेला नाही. आपल्याकडे लोकायुक्त ही संस्था महाराष्ट्रात 1971 च्या कायद्यापासून आहे. ठाण्यातल्या किती जणांना तिचा पत्ता माहीत असेल?

दुसरा आवडता उपाय म्हणजे पगार वाढवा, मग कशाला खातील? यात तथ्य आहे, पण अर्धंच. आफ्रिकेतल्या घानाने 2010 मध्ये पोलिसांचा पगार जवळपास दुप्पट केला. हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून किती पैसे उकळले जातात याची नोंद शेजारच्या देशांसह आधीपासून ठेवली जात होती. पगार वाढल्यावर घानाच्या पोलिसांनी ट्रकमागे घेतलेली रक्कम वाढली. आता हे वाचून हसू येतं, पण जाब शून्य असेल तर पगारवाढीने फक्त राहणीमान वाढतं. जॉर्जियाने उलट टोक गाठलं. 2004 मध्ये सुमारे 16,000 वाहतूक पोलिस एका झटक्यात घरी बसवले, नवी तरुण भरती केली, पगार कितीतरी पटींनी वाढवले, आणि काचेच्या भिंतींची पोलिस ठाणी बांधली. रस्त्यावरची वसुली जवळजवळ संपली. पण देश चिमुकला, नुकतीच क्रांती झालेली, सरकारकडे प्रचंड बहुमत. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्याच त्या देशाहून जास्त आहे. आपल्याकडे असा आदेश निघाला तर संध्याकाळपर्यंत त्याला कोर्टाची स्थगिती येईल, आणि यायलाही हवी.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते उजेडाचं धोरण, कारण त्यात यश आणि फजिती दोन्ही मोजलेली आहेत. युगांडात 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात केंद्राकडून निघालेल्या शाळा अनुदानातले सरासरी फक्त 13 टक्के शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने प्रत्येक जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात केली. 2001 पर्यंत शाळेपर्यंत पोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या वर गेला. ही कथा जगभर फिरली. पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्याच काळात पैसे वाटपाची सगळी पद्धतच बदलली होती, सगळं श्रेय छापील आकड्यांना देता येणार नाही. तरी मुख्याध्यापकाच्या हातात आकडा आला की तो विचारू शकतो, एवढं खरंच.

इंडोनेशियातला अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा प्रयोग याहून काटेकोर. 600 हून जास्त गावांत नवे रस्ते होत होते. काही गावांना आधीच सांगितलं, तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार. काही ठिकाणी गावकऱ्यांना सभेला जास्त संख्येने बोलावून हिशेब विचारायला लावलं. मग अभियंत्यांनी तयार रस्ते खणून आत खरोखर किती खडी-वाळू आहे ते मोजलं. ऑडिटची खात्री असलेल्या गावांत गायब पैसा एकूण खर्चाच्या सुमारे 8 टक्क्यांइतका घटला. गावसभांचा सरासरी परिणाम जवळपास नगण्य. लोकसहभाग म्हटलं की आपल्याला भरून येतं, पण खडी किती टाकली ते सभेत बसून दिसत नाही. आणि ऑडिटच्या गावांत आणखी एक गोष्ट झाली. पैसे खाता येईनात, तेव्हा गावपुढाऱ्यांच्या नातेवाइकांना रस्त्याच्या कामावर जास्त रोजगार मिळू लागला. सरकली बघा.

आपला माहिती अधिकार याच कुळातला. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचायची आणि लोकांनी सांगायचं, हा तर मेलाय, हा कधी कामावरच नव्हता. महाराष्ट्रात 2002 चा कायदा आला, देशाचा 2005 मध्ये. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. नवी मुंबईत मी स्वतः एका पदपथाच्या कामाची मोजमाप वही अशीच मागवून बघितली आहे. ठेकेदाराने लावलेले पेव्हर ब्लॉक आणि वहीतले ब्लॉक यांची गाठ पडली नाही. पण याही औषधाचे व्यापारी निघाले. बेकायदा बांधकामाची माहिती मागवायची, ती बांधणाऱ्याला दाखवायची आणि अर्ज मागे घ्यायचे पैसे घ्यायचे, असा धंदा करणारे प्रत्येक प्रभागात लोकांना तोंडपाठ असतात. दुसरीकडे खरी माहिती दडवली गेली तर माहिती आयोगाकडची दुसरी अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात. उजेड आहे, बटण दुसऱ्याच्या हातात.

मग राहतो तो खिडकीच काढून टाकण्याचा मार्ग. जुन्या वाचकांना सिमेंटचा परवाना आठवत असेल. घराला गिलावा करायचा तरी अर्ज, कोटा, शिफारस. टंचाई आणि वाटणाऱ्याची मर्जी एकत्र आली की काय होतं ते अंतुले यांच्या काळात महाराष्ट्राने बघितलं. सिमेंटचा कोटा आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जोडल्यावर जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. पण सिमेंटमधली लाच त्या राजीनाम्याने संपली नाही. फेब्रुवारी 1982 मध्ये नियंत्रण अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण उठलं, आणि मग ती संपली. आज कुणी सिमेंटच्या पोत्यासाठी वशिला लावत नाही. टेलिफोनच्या लाइनमनची दिवाळी मोबाईलने संपवली, ती अशीच.

जमिनीचं काय करणार? ती कारखान्यात जास्तीची काढता येत नाही. ठाणे-नवी मुंबईत आजचं सिमेंट म्हणजे एफएसआय, भूखंडावर किती बांधता येईल त्याचं प्रमाण. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचं उदाहरण घ्या. 1970 मध्ये स्थापना, 95 गावांची जमीन, आणि जमिनीचा मालक, नियोजक, विकणारा हे सगळं एकच. क्लिटगार्डच्या समीकरणातली मक्तेदारी यापेक्षा शुद्ध सापडणार नाही. तिथे मनमर्जी कमी करायचे दोन मार्ग आपल्या डोळ्यासमोर आहेत, घरांसाठी संगणकीय सोडत आणि भूखंडांसाठी ई-निविदा. चिठ्ठी कुणाच्या ओळखीची नसते. पण जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना मोबदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांत सोडतीआधी पात्रता ठरवावी लागायची, कागद तपासावे लागायचे, त्यात वर्षं गेली. त्या वर्षांच्या पोटातच हक्क विकत घेणाऱ्या मध्यस्थांचा बाजार उभा राहिला.

संगणकाची गोष्ट तीच. कर्नाटकाने 2001 च्या सुमारास जमिनीच्या नोंदींच्या 'भूमी' प्रणालीत एक छान खोच ठेवली होती. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, पुढचा आधी घेता येणार नाही. रांग मोडायचा अधिकार गेला, म्हणजे रांग मोडायची किंमतही गेली. भारत आणि इंडोनेशियातल्या रस्त्यांच्या ई-निविदांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की बाहेरचे ठेकेदार येऊ लागले, काम सुधारलं, पण सरकारने मोजलेली किंमत काही कमी झाली नाही. मी दिलेल्या तीन हजारांकडे परत बघते तेव्हा कळतं, अर्ज ऑनलाइन होता. फाईल दडपून ठेवणं आता जमत नाही, म्हणून 'त्रुटी' आली.

दिल्लीत वाहन परवान्यावर झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. परवाना मिळालेल्यांतले जवळपास 71 टक्के लोक ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसलेच नव्हते. संशोधकांनी वेगळी परीक्षा घेतली तर 62 टक्क्यांना गाडी नीट चालवता येत नव्हती. सरकारी नोकराच्या हातात जवळपास कुणीच पैसे ठेवले नव्हते. जादा पैसे गेले ते मुख्यतः एजंटमार्फत. ज्यांनी सरळ मार्गाने जाऊन परीक्षा दिली त्यांना नापास होण्याचीच धास्ती जास्त. म्हणजे प्रामाणिक वाट मुद्दाम खडबडीत ठेवली की एजंटाचा टोल आपोआप भरतो. ही लाच कुणाच्या जिवावर उठते ते मग रस्त्यावर कळतं. किंवा 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी शिळफाट्याजवळ कळलं तसं. लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डर होते, तसेच महापालिकेचे आणि पोलिसांचे लोकही होते. तिथे देणारा आणि घेणारा दोघं खूश होते. तक्रार करायला उरलेले ढिगाऱ्याखाली होते.

महाराष्ट्राने 2015 मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा केला तो थेट 'उद्या या' या आजारावर. प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली, फलकावर लिहिलेली, ती चुकली तर आधी त्याच खात्यात दोन अपिलं आणि मग सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला दंड 500 ते 5,000 रुपये. दंड फुटकळ आहे, पण तो त्याच्या पगारातून जातो आणि उशिराचं कारण त्याला लेखी द्यावं लागतं. गेल्या वर्षी पुतणीच्या अधिवास दाखल्याला उशीर झाला, तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात न जाता पहिलं अपील टाकलं. सुनावणी झालीच नाही. चार दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला, दाखला तयार आहे.

मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा त्या दुकानावरून आले. नवी पाटी लागली आहे. ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, त्याखाली प्रतिज्ञापत्र, पॅन कार्ड, आणि सगळ्यात खाली, हाताने वाढवलेल्या ओळीत: 'माहिती अधिकार व सेवा हक्क अपील अर्ज लिहून मिळेल.' भाव विचारला. म्हणाला, "ताई, तुमच्याकडून काय घ्यायचं, पन्नास द्या."